बुधाईची गाठ आणि वाळलेलं पान

फार पूर्वी, डोंगराला कुंपण नव्हतं आणि रानाला मालक नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक लहानशी वाडी होती. तिथे बुधाई नावाची सासू राहत होती आणि आंबी नावाची तिची सून. सासू-सुनेची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही भांडणाची वाट बघत असाल, तर बसा बघत. या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

वाडीतली माणसं हिवाळ्यात रानातले कंद खणून खात. पण कंदाची एक खोड होती. गोडा कंद आणि कडू कंद, दोघांचे वेल सारखेच दिसत, सालही सारखीच. गोड्याच्या एका देठाला पाच पानं येत आणि कडूच्या देठाला तीन, फरक काय तो तेवढाच; वाडी त्या सबंध देठालाही पानच म्हणे. गोडा उकडून खाल्ला की पोट भरून झोप लागे. कडू खाल्ला तर घसा सुजे, डोकं गरगरे, आणि खाणारं लहान मूल असलं तर जिवावर बेते. त्यातून कंद खणायची वेळ येई पौषात, तेव्हा वेलावरची पानं वाळून पार चुरगळलेली असत.

म्हणून वाडीने एक रीत पाडली होती. भर पावसाळ्यात, वेल हिरवागार असताना, बुधाई रानात हिंडे आणि गोड्या कंदाच्या वेलाला अंबाडीच्या वाखाची गाठ मारून ठेवी. पौषात बाया कुदळी घेऊन जात आणि गाठ दिसली की बिनधास्त खणत. बुधाईची गाठ चुकल्याचं वाडीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आंबी मात्र खाडीकाठची, कोळ्याची लेक. मासा नुसती शेपटी बघून ओळखायची, पण पाल्याच्या बाबतीत सगळा आनंदच होता. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने चिंचेचा पाला म्हणून आवळ्याचा पाला आणून दिला होता आणि वाडी ते अजून विसरली नव्हती. बाया पाण्याला जमल्या की तिची थट्टा चाले. आंबी हसून साजरं करी, पण आत कुठेतरी तिला ते लागे. आपल्याला या वाडीने आपली म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

बुधाई तिला कधी हसली नाही. पावसाळ्यात ती आंबीला बरोबर घेऊन रानात जाई, वेलाचं पान तोडून तिच्या हातात देई आणि विचारी, "सांग बरं पोरी, किती पानं हायत?"

"पाच, आत्याबाई."

"बराब्बर." असं म्हणून बुधाई गाठ मारी. "कुणी काय बी सांगू दे, मी सांगितलं तरी बी, आधी पान बघायचं. पान खोटं बोलत न्हाई."

असं शिकता शिकता गौरीचा सण आला आणि आंबी माहेरी गेली. तेवढे दिवस बुधाई एकटीच रानात हिंडली आणि एकटीनेच गाठी मारून आली.

पौष उजाडला. पौषातल्या पुनवेला वाडीचं एकत्र जेवण असे. मोठ्या हंड्यात कंद शिजत आणि पहिला घास वाडीतल्या पोरांना भरवला जाई. त्या साली बुधाई म्हणाली, "माझं गुडघं दुखत्यात. आंबे, यंदा तू जा खणायला." आंबीला कोण आनंद झाला! ती शेजारणीबरोबर टोपली, कुदळ आणि पाण्याचा भोपळा घेऊन निघाली.

ओढ्यापलीकडे पहिली गाठ दिसली. शेजारणीने पदर खोचला.

"थांबा जरा," आंबी म्हणाली, "पान बघते."

"अगं, गाठ हाय की! गाठ हाय म्हंजे कंद हाय. वाळल्या पानात तुला काय दिसणार, तुला हिरवं दिसंना!" शेजारीण हसत पुढच्या गाठीकडे गेली आणि तिने खणायलाही घेतलं.

आंबीने वेलावर लटकलेलं एक पान खुडलं. ते वळून, आकसून विड्यासारखं झालेलं होतं. उलगडायला गेली तर चुरा व्हायला लागला. तेवढ्यात तिला माहेरचा सुका बोंबील आठवला. वाळल्यावर काडीसारखा होतो, आणि पाण्यात घातला की पुन्हा बोंबील होतो. मग पानाचं का होऊ नये? तिने पळसाच्या पानाचा द्रोण केला, त्यात भोपळ्यातलं पाणी ओतलं आणि ते पान भिजत घातलं.

पान हळूहळू मऊ झालं. आंबीने बोटाच्या टोकाने ते उलगडलं आणि मोजलं. तीन. दोन पानं गळली असतील म्हणून तिने देठ निरखला, पण तिथे गळल्याची खूणही नव्हती. मग तिने दुसरं पान भिजवलं, तिसरं भिजवलं. सगळ्यांना तीनच.

आंबीने कुदळ बाजूला ठेवली. आणि तिथेच बसल्या बसल्या तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. आत्याबाई हल्ली तांदूळ निवडताना खडे ठेवून देतात. सुईत दोरा ओवायला आपल्यालाच हाक मारतात. आणि पावसाळाभर "किती पानं हायत, सांग बरं" असं विचारत होत्या, ते नुसतं शिकवणं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्या विचारत होत्या. आपण माहेरी होतो तेव्हा त्यांना सांगायला कुणीच नव्हतं. हे कळलं तशी आंबीला रडूच फुटलं.

आता करायचं काय? आरडाओरडा करावा, तर वाडीत बुधाईचं नाव जाईल, आणि नावाखेरीज त्या म्हातारीजवळ होतं काय? गप्प बसावं, तर पुनवेचा पहिला घास पोरांच्या तोंडात जाणार. आंबीने डोळे पुसले, भिजलेल्या पानांचा द्रोण तसाच हातात घेतला आणि उठली.

"अहो, आज खणू नका. मी घरी विचारून येते."

"गाठीला बी भितीस व्हय गं?" शेजारीण म्हणाली. "खाडीकाठची ती खाडीकाठचीच!"

आंबी रिकामी टोपली काखेत मारून घरी आली.

बुधाई अंगणात उन्हाला बसली होती. आंबी तिच्याजवळ टेकली, तिचा हात ओढून घेतला आणि एक भिजलेलं पान तळहातावर ठेवलं. "आत्याबाई, पाण्यात भिजवलंय. ओढ्यापलीकडच्या गाठीच्या वेलाचं हाय. किती पानं हायत, सांगा बरं."

बुधाईने डोळे लावून बघायचं सोंग केलं. मग ते सोडून दिलं आणि अंगठ्याने पान चाचपलं. एक. दोन. तीन. अंगठा देठावर चौथं पान शोधत राहिला. पुन्हा पहिल्यापासून आला आणि पुन्हा तिथेच थांबला.

तिने पान मुठीत मिटून घेतलं. मग म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई. आधी तुमच्याकडं आले."

"दोन वर्सं झाली, पोरी, समदं धुरकट दिसतंय. सांगायचं भ्या वाटलं. ज्या बाईला पान दिसत न्हाई, तिला कोण विचारणार? एका जागी बसवून ठिवत्याल, भाकरी पुढ्यात सरकवत्याल, झालं."

"मी विचारीन की," आंबी म्हणाली. "मला तर अजून अर्धं रान शिकायचंय."

बुधाईने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. तोंड ओलं लागलं, तशी तिचेही डोळे भरून आले. मग पदराने नाक पुसून ती ताडकन उठली. गुडघे दुखत असल्याचं ती साफ विसरली होती.

"चल, मला पारावर ने. ही चूक माझी हाय, माझ्याच तोंडानं सांगते."

पारावर बुधाईने सगळ्यांना बोलावलं आणि न लाजता सांगितलं, "यंदा माझ्या गाठीवर जाऊ नगा. माझं डोळं अधू झाल्यात. माझ्या सुनंनं वाळलं पान भिजवून बघितलं, म्हणून आज कळलं." रानातून नुकतीच परतलेली शेजारीण आपल्या भरल्या टोपलीकडे बघत राहिली. तिची दोन्ही पोरं तिथेच खेळत होती. तिने टोपली उचलली, कंद पाराशेजारच्या खड्ड्यात ओतून वर माती लोटली आणि आंबीजवळ येऊन म्हणाली, "चल बाई, मला बी दाव, पान कसं भिजवायचं ते."

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी द्रोण घेऊन रानात गेली. पाच पानं निघाली तिथेच कुदळ पडली. कंद थोडे कमी भरले, म्हणून त्यात नाचणीची भाकर कुस्करली. पुनवेला पोरांनी पहिला घास खाल्ला, दुसरा मागितला आणि पोटभर जेवून अंगणभर धिंगाणा घातला. बुधाई त्यांचा आवाज ऐकत हसत बसली होती.

पुढच्या पावसाळ्यात वाडीने रीत थोडी बदलली. आंबी पान बघायची, मोजायची आणि बुधाईच्या हातात द्यायची. बुधाई ते चाचपायची. दोघींचा आकडा जुळला की मगच गाठ. बुधाईचा एक हात सुनेच्या खांद्यावर असे आणि वाटेत लागेल त्या झाडाचं पान खुडून ती विचारी, "हे कशाचं, सांग बरं?"

"चिंचेचं!" आंबी मुद्दाम आवळ्याचं पान हातात घेऊन म्हणायची, आणि दोघी हसत हसत पुढच्या वेलाकडे जायच्या.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यावर आपला सगळ्यात जास्त विश्वास, त्याची गाठही एकदा पानाशी ताडून बघावी, आणि चूक निघालीच, तर ती चव्हाट्यावर न मांडता मायेने आधी त्याच्या हातात ठेवावी.