बिनघराचा उंबरा

हुलगेवाडीच्या शिवेवर, वाटेच्या मधोमध एक दगडी उंबरा आडवा टाकलेला आहे. त्याला ना दार, ना भिंत. नवखा माणूस हमखास ठेचकाळतो आणि दोन शिव्या हासडतो. गावातले कोणी त्याला हसत नाही. हा उंबरा येसू सणगराच्या घरचा, असे सांगतात.

येसू घोंगड्या विणायचा आणि वर्षातून एकदा विकायला घाटाखाली उतरायचा. वाटेतल्या बोरजाईला त्याची एकुलती एक लेक, ठकू, दिली होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी पिऊ नये, असा तेव्हा रिवाज होता. येसू तर रिवाजाला असा पक्का, की उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकत नसे. अंगणातूनच विचारायचा, "ठके, सुखात हाईस न्हवं?"

नव्या लुगड्यात दाराशी उभी राहून ठकू म्हणायची, "सुखात हाय, आबा."

तेवढा शब्द घेऊन येसू माघारी यायचा, बायकोला सांगायचा, आणि त्या एका शब्दावर दोघे म्हातारी वर्ष काढायची. भोळा जीव, दुसरे काय! लेक सुखात आहे म्हणजे आपणही सुखात, इतका सरळ त्याचा हिशेब.

अशी तीन वर्षे गेली. चौथ्या वर्षी दारात सासू आली. ठकू तापाने जाऊन आठ दिवस झाले होते. निरोप धाडायला माणूस मिळाला नाही म्हणे. येसू अंगणातच मटकन बसला. शेजारच्या म्हातारीला मात्र राहवले नाही.

"तुमी आलात की तेवढ्यापुरतं सासू तिला लुगडं नेसवायची," ती म्हणाली. "एरवी पोरीचं अंथरूण गोठ्यात हुतं, बाबा. चुलीला शिवायची बंदी. एक डाव आत येऊन पानी पिला असता, तर दिसलं असतं."

येसू उठून आत गेला. गोठ्यातले ते अंथरूण त्याने पाहिले. मग चुलीपाशी जाऊन माठातले पाणी घेतले आणि घटाघटा प्यायला. लेक गेल्यावर बाप तिच्या घरचे पाणी प्याला. त्या दुःखावर औषध नाही.

घरी पोचताच बायकोने नेहमीप्रमाणे विचारले, पोर सुखात आहे ना? येसूने पहार घेतली, आपल्याच घराचा उंबरा उखडला आणि दोरखंड बांधून शिवेपर्यंत ओढत नेला. गाव गोळा झाला.

"लेकीकडं निगालात की हितं ह्यो वलांडा," तो म्हणाला. "म्हंजी तिथला वलांडताना पाय अडायचा न्हाई. पाप लागलं तर माझ्या माथी."

आजही हुलगेवाडीचा बाप लेकीकडे गेला, की आधी चुलीपाशी जातो आणि आपल्या हाताने पाणी घेऊन पितो. सुखात आहेस का, असे तो विचारत नाही. लेकीने आपणहून सांगितले, तर मान हलवून ऐकून घेतो, आणि निघण्याआधी गोठ्यात डोकावून येतो.