मुंगूसवेलीचा पाला

फार पूर्वी, एका झाडावरचं बोलणं पोपट क्षणात साऱ्या रानात पोचवत, तेव्हाची ही गोष्ट. साप चावला तर मुंगूसवेलीचा पाला लावावा, की नदीपलीकडच्या बगळ्याकडून औषध टोचून घ्यावं, यावर रानात दोन तट पडले होते. "वेल आपली, बगळा परका," असं अर्धे म्हणत. उरलेले म्हणत, "वेल म्हणजे निव्वळ थोतांड."

मुंगसाला खरं ठाऊक होतं. वेलीने जखम भरते, पण विष उतरत नाही. मुंगूस स्वतः सापापासून वाचायचं ते वेलीने नव्हे, चपळाईने. पण हे बोललं तर आपलेच वेलवाले फितूर म्हणणार आणि समोरचे वेल उपटून टाकणार. शिवाय वेलीचा जाणकार म्हणून पोपट त्याचा जयजयकार करत, तो कानाला गोड लागे. मुंगूस गप्प राहिलं.

एके सकाळी खारूताई पिलाला घेऊन मुंगसाच्या बिळापाशी आली. साप चावलेल्या जागी तिने पाला बांधला होता.

"मुंगूसदादा, अजून किती बांधू?"

पिलू केव्हाच गार पडलं होतं. मुंगसाने मान खाली घालून खरं काय ते सांगितलं.

खारूताईने पाला सोडवला आणि त्याच्या दारात ठेवला.

"हे आधी बोलला असतात, तर मी नदीकडे पळाले असते," ती म्हणाली.