खाण तशी माती

सन २०१२. मार्गशीर्षाचा दुसरा आठवडा, थंडी नुकती पडू लागलेली.

"मग खोट कोणाची?" मी विचारले.

दर्ग्याचे म्हातारे फकीर दस्तगीरबाबा ओट्यावर गोधडीला ठिगळ लावत होते.

माझा नातू सार्थक भाद्रपदात गेला. चार वर्षांचा होता. मूत्रपिंडात गाठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गाठीतल्या पेशींत एका गुणसूत्राचा तुकडाच नाही. गुणसूत्र म्हणजे वंशाचा धागा, एवढे मला कळत होते. आमच्या सात पिढ्यांत असला आजार नाही. पोराला माती देऊन आलो आणि भावकीदेखत सुनेला बोललो. रोहिणी त्याच दिवशी माहेरी गेली.

काल बाईंनी बोलावून सगळा तपास समजावला. धागा गाठीतच तुटलेला. पोराच्या रक्तात तो अखंड होता. आईचा अखंड, बापाचाही.

"तिची नाही, आमचीही नाही. असं कसं? चाळीस वर्षं दगड फोडलेत, बाबा; खोट असल्याशिवाय दगड तुटत नाही. कोणाची तरी असणारच."

"असायलाच हवी?"

"हवी."

बाबांनी सुई गोधडीत टोचून ठेवली. उठले. वाकून माझे पाय धरले.

"मग माझी धर. माफ कर मला."

मी मागे सरलो. ऐंशीचा माणूस...

"हे काय, बाबा? तुमचा काय संबंध?"

"तिचा काय होता?"

बाबांनी मला ओट्यावर बसवून विचारले, तिला नेमके काय बोललास. मी खाली बघत सांगितले.

"खाण तशी माती."

"ऐकायला किती जण होते?"

"तीसेक."

"मग मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीला टेम्पोत बसवून सुनेच्या माहेरी नेले. बाबा पुढे बसले. चुलतभाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, म्हाताऱ्याची वरात निघाली.

रोहिणी दारात आली. वाळली होती. मी फेटा उतरवला आणि मागच्यांनाही ऐकू जाईल असे बोललो.

"खोट तुझी नव्हती, पोरी. खोटं मी बोललो."

ती आत गेली.

बाहेर आली तेव्हा हातात तांब्या होता. तिने तो माझ्यापुढे धरला. माझा हात पुढे होईना.

बाबा म्हणाले, "आता पाणी पी."