‘ठेवतो’नंतरची मिनिटं

सोलापुरातल्या एका सोसायटीच्या सभेत फोन कंपनीचे बडे साहेब गरजले, "परगावचा फोन, पहिली पाच मिनिटं फुकट!" साठ घरं सही करायला सरसावली, तेवढ्यात सोसायटीतल्याच निंबर्गीबाईंनी लॅपटॉप उघडला. कुठली योजना घराला खरोखर किती महाग पडते, हे सांगणारं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यात एक रकानाच होता: 'ठेवते' म्हटल्यानंतरची मिनिटं.

"साहेब, सहाव्या मिनिटापासूनचा तुमचा दर बघता, तुमचीच योजना सगळ्यात महाग पडतेय."

साहेब खो खो हसले. "अहो बाई, ठेवते म्हटलं की माणूस फोन ठेवतो!"

"मग लावा की तुमच्या आईंना. पाच मिनिटांत ठेवलात, तर पहिली सही माझी."

साहेबांनी ऐटीत स्पीकरवर चंद्रपूरला फोन लावला. चौथ्या मिनिटाला म्हणाले, "ठेवतो, आई."

"हाव, ठेव. अन् ऐक..."

आईचं बोलणं मध्येच तोडायची छाती कुणाची? लिंबाचं लोणचं, कुमुदच्या पोरीचं स्थळ, डावा गुडघा, असं करत विसावं मिनिट उजाडलं.

"आई, पाचच मिनिटं फुकट असतात गं!" साहेब कळवळले.

"मंग दुसऱ्या कंपनीचा फोन घे ना बाप्पा, मायशी बोलाले!"

सभेत साठ पेनांची टोपणं खटाखट बंद झाली.