कोरड्या कालव्यातली होडी

साखरखारच्या कालव्याला पाणी आहे ते निम्म्यापर्यंतच. तिथवर गावची होडी उतारूंना नेते. ती चालवणारे सगळे गावकरीच, बिनपगारी. पुढे गाळ लागला की उतारूंनी उतरायचे, दोर धरायचा आणि होडी चिखलातून पलीकडच्या धक्क्यापर्यंत ओढायची. एकाने मात्र मधल्या फळीवर बसून राहायचे. असे का, ते सुकाणूवरचे हसूराम आबा भोईर सांगतात, आणि सांगताना कुणी दोर ढिला सोडलेला त्यांना खपत नाही.

फार पूर्वी इथे राही नावाची बाई होडी चालवायची म्हणे. कालवा गावाने हाताने खोदलेला. राजाने वचन दिले होते, की जोवर होडी रोज एक तरी उतारू घेऊन पलीकडे लागेल, तोवर कालव्याला कुणी हात लावायचा नाही. एक दिवस जरी खाडा झाला, तर जागा गावचे जमीनदार देसाई यांची.

देसायांना तिथे शेत करायचे होते. एका उन्हाळ्यात कालव्याचे खाडीकडचे तोंड बुजले आणि पाणी आटले. ते देसायांनीच बुजवले असे सांगतात. आबा तर शपथेवर सांगतात. वर देसायांनी दवंडी पिटली, की राहीच्या होडीत जो बसेल त्याचे घर गावात राहणार नाही.

सकाळी होडी चिखलात रुतलेली आणि काठावर सारा गाव माना खाली घालून उभा. कालवा गेला तर बाजाराची वाट कायमची बंद होणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. राहीला रडू नाही आले, संताप आला. ज्यांची वऱ्हाडे तिने पार नेली, ते आज तिच्याकडे बघायला तयार नव्हते.

तेवढ्यात देसाई स्वतः आले. तिची फजिती जवळून बघावी म्हणून होडीत चढले आणि मधल्या फळीवर ऐसपैस मांडी घालून म्हणाले, "हं, चालव बघू आता!"

राहीने दोर खांद्यावर घेतला आणि काठाकडे वळून ओरडली, "उतारू बसलाय रं! बसाला बंदी हाय, वढाला कोनी बंदी केलीय?"

आधी एक म्हातारा चिखलात उतरला. मग बायका उतरल्या, मग बाप्यांनाही लाज वाटली. देसाई उठायला गेले आणि हिसक्यासरशी पुन्हा फळीवर आपटले. उडी मारावी तर कमरेइतका चिखल. शिव्या देत देत ते थेट पलीकडच्या धक्क्याला लागले. राहीने हात जोडले. "उतरा देसाय, धक्का आला."

राजाचे वचन राहिले. होडीच्या तळाने चिखलात जो चर पडला, त्यातूनच पुढच्या उधाणाचे पाणी आत आले म्हणतात.

मधल्या काळात कालवा पुन्हा बुजला. आता गाव तो घमेल्याघमेल्याने उपसतो आहे, आणि उपसून होईपर्यंत होडीचा खाडा होऊ देत नाही. आजही मधली फळी त्याचीच, जो म्हणेल की हा कालवा मेला. परवाच एक पाहुणे काठावरून म्हणाले, "कशाला एवढी मरमर? बुजवून रस्ता करा की."

आबांनी खांद्यावरच्या पंच्याने होडीतली मधली फळी पुसली.

"या साहेब," ते म्हणाले, "बसा होरीन."