खडकाईचा पालथा हंडा

तळेकोंडच्या खडकाई देवीच्या राईत शिरण्याआधी वाटेच्या डाव्या अंगाला एक काळा दगड लागतो. पालथ्या घातलेल्या हंड्यासारखा, गळ्यापाशी जरा आत गेलेला. राईत जाणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्यावर थुंकतो. नवी नवरी पहिल्यांदा देवीची ओटी भरायला येते, तीही पदर सावरून थुंकते आणि मगच पुढे जाते. भर वैशाखातसुद्धा हा दगड कोरडा दिसत नाही. बाहेरून आलेली माणसे ते पाहून तोंड फिरवतात. मागच्या हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यांतले एक गृहस्थ तर नाकाला रुमाल लावून 'शी! काय ही घाण!' म्हणत मागेच सरले. राईचे म्हातारे गुरव भिकाजी काठी टेकून खाली बसले आणि म्हणाले, "बरं केलात शी म्हनलात ता. आता खरी घान कंची, ती आयका."

भिकाजी सांगतात ती गोष्ट त्यांच्याच घराण्यातल्या येसू गुरविणीची आहे.

त्या काळी शिमग्याआधी गावाची पारध निघायची. रानात मिळेल ते मारायचे आणि घरटी वाटून खायचे. मात्र खडकाईच्या राईत हत्यार न्यायचे नाही, असा नेम होता. पारधीला निघण्याआधी देवीला कौल लावत. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. त्यापुढे खोताचेही चालत नसे.

रानात तेव्हा खवल्या, म्हणजे खवले मांजर, पुष्कळ होते असे सांगतात. तोंडात दात नाही, मुंग्या आणि वाळवी खाऊन जगायचे, भ्याले की अंगाचे वेटोळे करून गप्प पडायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा जीव. पण कुणीतरी पिकवले, की याच्या खवल्याची अंगठी बोटात घातली म्हणजे उताराला लागलेल्या माणसाला जवानी परत येते. झाले! असल्या गोष्टी पटायला माणसाला पुरावा लागत नाही. हां हां म्हणता रानातली खवल्यांची बिळे ओस पडली. एक मादी तेवढी उरली. ती राईत, देवळामागच्या वारुळांपाशी राहायची.

येसूने तिला पाहिले होते. देवळाचे अंगण झाडताना दिवेलागणीला ती बाहेर यायची, आणि त्या वर्षी तिच्या शेपटीवर इवलेसे पिल्लू घट्ट धरून बसलेले असायचे. येसू त्या बाजूचा पाचोळा झाडेनाशी झाली. सासूने विचारले तर म्हणाली, "तिथं लेकुरवाळी ऱ्हाते."

गावचा दादाजी खोत साठी उलटल्यावर तिसऱ्यांदा बाशिंग बांधून मोकळा झाला होता. नवी बायको त्याच्या नातीच्या वयाची. त्याला अंगठी हवी होती, आणि ती मिळायची तर राईतच. म्हणून त्या साली त्याने देवीकडे राईतल्या पारधीचा कौल मागितला. डावी कळी पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. पुन्हा डावीच पडली.  संध्याकाळी खोताने येसूच्या नवऱ्याला, धाकू गुरवाला, आपल्या पडवीत बोलावून घेतले.

तिसऱ्या दिवशी कौल झाला तो उजवा! ढोल वाजले. खोताने देवीला लोटांगण घातले, डोळेसुद्धा पुसले म्हणतात. माणसे भाले, काठ्या आणि धुरीचे सामान घेऊन देवळामागे गेली.

येसू नेहमीप्रमाणे देवीचा पाषाण धुवायला गाभाऱ्यात गेली. डावी कळी अजून खांद्यावरच होती. तिने पाणी ओतले, हाताने ओढली, तरी निघेना. कळी फाटून हातात आली आणि मागे चिकट, करडा डाग राहिला. येसूने बोट लावले तर तेही चिकटले. फणसाचा चीक! चिकाला पाणी लागत नाही, तेलच लागते, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. ज्याच्या हातून देवीला कळ्या लागायच्या, नैवेद्य जायचा, त्या धाकूनेच देवीच्या अंगाला चीक फासला होता. कुंपणानेच शेत खाल्ले होते.

ती बाहेर धावली. धुरी देऊन मादीला बाहेर काढून राईच्या तोंडाशी, वाटेकडेला चुलाण मांडले होते तिथे आणले होते. पिल्लाला पोटाशी घेऊन तिने वेटोळे केले होते, आणि बाप्ये काठ्यांनी ते उकलू पाहत होते. उकलत नव्हते. एकजण हसत म्हणाला, "फनसावानी हाय, तेलाचा हात लावून फोडूक होया." बाकीचेही हसले. मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारी ही माणसे! चुलाणावर पाणी उकळत होते. जिवंत जनावर त्यात सोडले की ते आपोआप सुटते आणि खवलेही सोलून निघतात, असे खोत समजावून सांगत होता. आणि पाणी कशात उकळत होते? देवीच्या नैवेद्याच्या हंड्यात! चुलाणात लाकडे सारत होता धाकू.

"सोडा तिला," येसू म्हणाली. "पोटाशी पोर हाय तिच्या."

"देवीनं उजवा दिलाय, येसू," खोत म्हणाला. "घरला जा."

"देवीनं नाय, माज्या घोवानं दिलाय. त्येची बोटं बगा. चीक लागलाय."

धाकूने हात पाठीमागे लपवला. सगळ्यांनी ते पाहिले, सगळ्यांना समजले, आणि तरी कुणी काठी खाली ठेवली नाही. कौल खोटा निघाला तरी शिकार खरीच होती ना! येसूला त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघवेना. खोताने वेटोळे उचलून हंड्याकडे आणले. येसू आडवी आली, हंड्यात वाकली आणि पचकन थुंकली.

"अगो, बाटवलंस!" एकच ओरडा झाला. ज्यांना देवीच्या अंगावरचा चीक चालला, पिल्लासकट आई शिजवायला चालली, ते नाकाने कांदे सोलणारे एका थुंकीने मागे हटले. नैवेद्याचा हंडा उष्टा झाला, आता त्यातले पाणी शिवायचे कुणी? खोताने वेटोळे टाकले आणि संतापाने हंड्याला लाथ मारली. हंडा उलटला, चुलाण विझले, उकळते पाणी त्याच्याच पायावर आले. बाटलेल्या हंड्याला कुणी हात लावेना. तो पडला तिथेच पालथा राहिला आणि त्याचा दगड झाला म्हणे.

येसू त्या वेटोळ्याला अंगाखाली घेऊन, स्वतःच वेटोळे होऊन बसली. काठी उगारायला मग कुणाचा हात धजला नाही. एकेकजण मान खाली घालून निघून गेला. पार अंधारून आल्यावर वेटोळे हळूहळू सुटले. मादीचा एक पाय मोडला होता. ती लंगडत वारुळांकडे गेली, आणि शेपटीवर पिल्लू होते.

खोताला त्या दिवसापासून अन्न गोड लागले नाही, असे सांगतात. प्रत्येक घासाला तोंडात चीक सुटायचा, जीभ टाळूला चिकटायची. भरल्या ताटासमोर तो वाळून गेला. धाकूची दोन बोटे एकमेकांना चिकटली ती सुटलीच नाहीत. येसू त्याला जन्मभर वाढत राहिली, पण देवीच्या अंगाला तिने त्याला पुन्हा हात लावू दिला नाही.

आजही तळेकोंडची पारध निघत नाही. आजही कौलाआधी घरची गुरवीण देवीचे खांदे सगळ्यांदेखत खोबरेलाने पुसते, आणि राईत जाणारा माणूस दगडावर थुंकून, बोटे फाकवून दोन्ही हात गुरवाला दाखवतो.

मागच्या हिवाळ्यातल्या पाहुण्यांनीही हात दाखवले. रुमालवाल्या गृहस्थांनी एकच दाखवला. दुसरा खिशात होता. भिकाजींनी काठीचे टोक त्या खिशाकडे केले. शेवटी तो हात बाहेर आला. मधल्या बोटात सोन्याच्या कोंदणात बसवलेला, नखाएवढा तपकिरी खवला होता.

"काडा ती," भिकाजी म्हणाले. "ठेवा दगडावर. आनि आता थुका."

गृहस्थांनी अंगठी काढून दगडावर ठेवली. त्यांनी ओठ हलवले, मान पुढे केली, पण तोंडाला कोरड पडली होती. थुंकी येईना.

भिकाजी पुन्हा काठी टेकून खाली बसले. "येईल," ते म्हणाले. "आमी थांबतो."