रिकामी शिळा

मुलांनो, नदी आटून गेलेल्या एका जंगलात एक खार राहत असे. तिच्याच झाडाच्या मुळाशी एका उंदराचं बिऱ्हाड होतं. त्याच्या पिल्लांना आई नव्हती, तो कामावर गेला की खारच त्यांच्याकडे बघायची. पाण्यासाठी सगळे प्राणी मिळून नदीच्या पात्रात खड्डा खणत होते आणि हत्ती तिथला मुकादम होता. त्याचा नियम कडक. खणेल त्याला तळाशी झिरपणाऱ्या पाण्याचा एक द्रोण, आणि आपणहून काम सोडेल त्याला थेंबही नाही.

खड्ड्याच्या काठावर दवाखाना होता. खार तिथे जखमा धुवायची, पाला बांधायची, आल्यागेल्याची विचारपूस करायची. करकोचा तिथला वैद्य. त्यानं दूरदूरचे मुलूख पाहिलेले, त्यामुळे कोणत्या दुखण्याचं पुढे काय होतं हे त्याला ठाऊक असे. दवाखान्यासमोर एक शिळा होती. जो दवाखान्याचा प्रमुख असेल त्यानं तिच्यावर बसावं आणि त्यानं ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांनी खड्ड्यातून वर यावं, अशी रीत होती. असं काम थांबलं तर कुणाचं पाणी कापलं जात नसे. पण शिळेवर बसायचं कुणी, इथंच सगळं अडलं होतं.

“रोज उठून यांच्यात राबते ती मी,” खार म्हणाली. “कुणाचा पाय सुजलाय, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं मला माहीत असतं. शिळेवर मीच बसणार.”

“पाला बांधणं वेगळं आणि रोग ओळखणं वेगळं,” करकोचा म्हणाला. “तिथे वैद्यच बसतो.”

हत्तीला खड्ड्याची घाई. “तुमचं तुम्ही मिटवा. तोवर राहू दे रिकामी,” म्हणून तो चालता झाला. खरं सांगू? दोघांनाही ते बरंच वाटलं. आपण नाही तर नाही, तो दुसरा तरी बसला नाही ना! तेव्हापासून दोघं बोलेनासे झाले आणि एकाच दवाखान्यात एकमेकांकडे पाठ करून बसू लागले.

खड्डा खोल गेला तशी तळाशी पांढरी, बारीक माती लागली. तिची धूळ उडायची. उंदीर खोकू लागला. खारीला तो खोकला झाडावर ऐकू यायचा. ती त्याला मध चाटवायची, छाती शेकून द्यायची, पण खोकला काही हटेना.

“खारूताई, एकदा वैद्यबुवांना विचारून बघ ना,” उंदीर म्हणाला.

खारीलाही त्याची काळजी होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच. “मी विचारायला गेले, की हिचं माझ्यावाचून अडतं म्हणून ते जंगलभर सांगत सुटतील. जरा दम धर. शिळेवर बसले की आधी खड्ड्याचं काम थांबवते, तुझ्यासाठीच.”

“मग मीच जाऊ का?”

“जा की. मग मात्र माझ्याकडे येऊ नकोस.”

उंदीर गेला नाही. त्याची पिल्लं तिच्याच भरवशावर होती.

करकोच्याचं तरी काय वेगळं होतं? ती पांढरी धूळ त्यानंही पाहिली होती. ती छातीत बसली की जीव घेते, हे त्याला माहीत होतं. खाली कुणी खोकतंय का, एवढंच त्याला खारीला विचारायचं होतं. पण ‘आधी तिनं यावं’ म्हणून तोही मान वळवून बसला.

एका सकाळी उंदराला नीट उभंही राहवेना. “आज राहू दे,” खार म्हणाली. “आणि पिल्लांचं पाणी?” एवढंच म्हणून तो द्रोण घेऊन निघाला. दुपारी त्याला खड्ड्यातून उचलूनच वर आणलं. करकोच्यानं धावत येऊन त्याच्या छातीला कान लावला, पण तिथे ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“हा खोकत होता?” त्यानं विचारलं.

“खूप दिवसांपासून,” खार म्हणाली.

“मला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी खड्डा बंद करायला लावला असता.”

“धूळ जीव घेते, हे मला तरी कुठे सांगितलंत?”

हत्ती आला आणि खाली बघत म्हणाला, “आता तरी बसा कुणीतरी.”

“तू बस,” करकोचा म्हणाला.

“नको, वैद्यबुवा, तुम्हीच बसा.”

पण खाली बाकीचे अजून खणत होते. शेवटी खारच शिळेवर चढली आणि “थांबा” म्हणाली. धुळीनं पांढरे झालेले प्राणी एकेक करून वर आले. तेवढ्यात काठाशी उंदराची पिल्लं पळत आली. काम थांबलं की सगळे घरी येतात, असं खारीनंच त्यांना सांगून ठेवलं होतं.

“मावशी, सगळे आले वर,” धाकटं पिल्लू म्हणालं. “आमचे बाबा कुठायत?”

खार शिळेवरच बसून राहिली. तिला खाली उतरता येईना.

तात्पर्य : आजाऱ्याच्या उशाशी मोठं कोण, हे ठरवत बसू नये. ते ठरेपर्यंत आजार थांबत नाही.